धक्का, क्रीडा प्रयोजनार्थ

दुर्गा भोईरने धक्क्यासाठी पहिला अर्ज केला तेव्हा तिची सान्वी दुसरीत होती. आता सान्वी अकरावीला होती, अर्ज तेरावा होता आणि राई गावच्या खाडीला धक्का नव्हता.

मागणी तशी मोठी नव्हती. ओहोटीला पाणी मागे सरलं की होड्या बांधापासून साठ-सत्तर पावलांवर चिखलात बसतात. तिथून मासळीची पाटी डोक्यावर घेऊन गुडघाभर चिखल तुडवत यायचं. पाय कुठे खचेल आणि कालवाच्या शिंपल्याची धार कुठे लागेल याचा नेम नाही. म्हणून बांधापासून पाण्यापर्यंत एक साधा धक्का बांधून द्यावा, एवढंच. मासळी विकणाऱ्या बायकांच्या मंडळाची दुर्गा अध्यक्ष, तेव्हा अर्ज तिच्या सहीने जायचे आणि उत्तरं तिच्या नावावर यायची. एकदा आलं, ही जागा आमच्या अखत्यारीत नाही. एकदा आलं, तिवरांचा प्रश्न आहे. शेवटचं होतं ते असं: ‘लाभार्थ्यांची संख्या पाहता सदर खर्च समर्थनीय वाटत नाही.’ सान्वीने ते तिला दोनदा वाचून दाखवलं.

“लाभार्थी म्हंजे आमीच ना?” दुर्गाने विचारलं.

“हो.”

“म्हंजे आमी कमी परलो.”

बावीस होड्या आणि चाळीस-पन्नास बायका. कमीच होत्या. तिने चौदावा अर्ज लिहायला घेतला नाही.

त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी, बांधावर एक पांढरी गाडी येऊन थांबली. तिच्यातून दोघे उतरले. एक जितेश. तो खाडीकिनारा क्रीडा विकास मंडळात सहायक होता. मंडळाचं ऑफिस भाईंदर पश्चिमेला एका बँकेच्या वर होतं. दुसरा अभिनव, मंडळाचा सल्लागार, पायांत पांढरेशुभ्र बूट. त्याने खाडीकडे अशी नजर टाकली, जशी माणसं नवा फ्लॅट बघायला आल्यावर टाकतात.

“ताई, इथे जानेवारीत राष्ट्रीय नौकानयन स्पर्धा होतेय,” तो दुर्गाला म्हणाला. “अठरा राज्यांचे संघ येणार. तुमच्या गावाचं अर्थकारण बदलून जाईल.”

दुर्गाचा नवरा लवू होडीच्या फळीला डांबर लावत होता. त्याने मान वर न करता विचारलं, “कवा हाय? भरतीला का ओहोटीला?”

“म्हणजे?”

“ओहोटीला हितं पानी नसतं.”

“गुड पॉइंट,” अभिनव म्हणाला आणि मोबाइलमध्ये काहीतरी लिहून घेतलं.

मग जे नऊ वर्षांत झालं नव्हतं ते सतरा दिवसांत झालं. ट्रक आले, क्रेन आली. बांधापासून पार खोल पाण्यापर्यंत तरंगती जेट्टी उभी राहिली. चौकोनी निळे पिंप एकमेकांत अडकवलेले, वर घसरणार नाही अशी फरशी, दोन्ही बाजूंना कठडा. पाणी चढलं की जेट्टी चढायची, उतरलं की उतरायची. चार उंच दिवे लागले, नळ आला, बायकांसाठी वेगळे संडास झाले. तिवरांचा विषय कुणी काढला नाही. लाभार्थी किती, हेही कुणी विचारलं नाही. लोकांच्या पैशातून दोन कोटी सत्तर लाख खर्च झाले, असं फलकावर लिहिलेलं होतं, आणि ते लपवण्यासारखं न वाटता मिरवण्यासारखं वाटावं इतक्या मोठ्या अक्षरांत. दुर्गा रोज संध्याकाळी बांधावर येऊन बघायची. दुसऱ्याच्या लग्नाचा मांडव बघावा तशी.

“बग, आला तुझा धक्का,” जाऊ सुगंधा तिला म्हणाली.

“माझा कुठला. पावन्यांचा हाय.”

ते खरंच निघालं. सुरक्षेसाठी अकरा दिवस होड्या पाण्यात घालायच्या नाहीत, असा हुकूम आला. त्याच्या बदल्यात मंडळाने बायकांना ‘स्थानिक खाद्यसंस्कृती’ या नावाखाली दहा स्टॉल दिले. बायकांनी हौसेने कोळंबीचं कालवण केलं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, चिंबोऱ्या मसाल्यात घातल्या. प्रेक्षक आलेही खूप, पण ते बसमधून आणलेले शाळेतले. प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी आणि हातात पुरीभाजीचं पाकीट. बस जिथे थांबल्या तिथून स्टॉलपर्यंत यायला मधला लोखंडी अडसर ओलांडावा लागायचा, आणि तो ओलांडू द्यायचा नाही असं ठरलेलं होतं. तीन दिवसांत स्टॉलवर जेवले ते बंदोबस्ताचे पोलीस, लाउडस्पीकरवाले, आणि पंजाबच्या संघाचे एक धिप्पाड प्रशिक्षक, जे रोज यायचे आणि दोघांचं जेवायचे. बाकीचं बायकांनी घरी नेलं.

शेवटच्या दिवशी अंतिम फेरी साडेनऊला होती. तेव्हा भरती होती, म्हणजे लवूने सांगितलेलं कुणीतरी ऐकलं होतं. पण प्रमुख पाहुणे साडेनऊला आले नाहीत. साडेदहाला आले नाहीत. अकरा वाजता लवू जितेशपाशी गेला.

“साहेब, आता सोरा होड्या, न्हायतर पानी जाल.”

“पाहुण्यांच्या हातून झेंडा आहे. ते आल्याशिवाय सोडता येत नाही.”

“पानी थांबल का पावन्यांसाठी?”

जितेशने रस्त्याकडे पाहिलं. तो मूळचा संगमेश्वरकडचा, त्यालाही भरती-ओहोटी कळत होती. फक्त ती कळून त्याच्या पदावरच्या माणसाला काही करता येत नव्हतं.

पाहुणे दुपारी सव्वा वाजता आले. त्यांनी झेंडा दाखवला, सहा लांबसडक होड्या सुटल्या आणि चारशे मीटरवर एकामागून एक चिखलात रुतल्या. पंच नियमांचं पुस्तक उघडून बसले. त्यात वाऱ्याचं होतं, विजेचं होतं, चिखलाचं नव्हतं. शेवटी लवू, सुगंधाचा नवरा आणि आणखी दहा-बारा जण फळ्या टाकत चिखलात उतरले आणि त्या उंचपुऱ्या खेळाडूंना एकेक करून हाताला धरून घेऊन आले. मणिपूरच्या एका मुलीचा पाय कालवाने कापला, तिला दुर्गाने हळद लावली. पदकं आदल्या दिवशीच्या वेळा बघून वाटण्यात आली. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चिखलातल्या लवूचा फोटो होता आणि खाली ‘स्पर्धेत स्थानिकांचा उत्स्फूर्त सहभाग’ असं लिहिलेलं होतं.

तीन दिवसांनी संचिता नावाची एक मुलगी हातात टॅबलेट घेऊन घरोघर फिरत आली. स्पर्धेचा लोकांच्या कमाईवर काय परिणाम झाला, त्याची पाहणी करत होती. दुर्गाने तिला बसवलं, चहा दिला.

“स्पर्धेमुळे तुमचं उत्पन्न किती वाढलं, काकू?”

“अकरा दिवस होड्या बंद होत्या. स्टॉलची कोळंबी आमीच खाल्ली.”

“म्हणजे कमी झालं?”

“तर.”

संचिताने बोटाने टॅबलेट वर-खाली करून पाहिला. “यात कमी झालं असा ऑप्शनच नाहीये. शून्य ते दहा टक्के, दहा ते पंचवीस, आणि पंचवीसच्या वर.”

“मंग शून्य लिवा.”

“नुसतं शून्य घेत नाही ते. शून्य ते दहा घेतं.” मुलगी ओशाळली होती. “मी काय करू, सांगा.”

“घे बाय, जे घेतंय ते घे,” दुर्गा म्हणाली.

त्या अहवालाचं पुढे पेपरात आलं. स्पर्धेमुळे राई आणि परिसराच्या अर्थव्यवस्थेत सव्वीस कोटींची भर पडली होती. सान्वीने वाचलं तेव्हा दुर्गा कोयत्यावर मासे चिरत होती. “कोनाच्या घरात परली ती?” एवढंच तिने विचारलं.

पण या सगळ्यात एक गोष्ट मात्र झाली होती. स्पर्धा संपली तरी जेट्टी काढायचे कागद हलले नव्हते. तीन आठवडे ती तशीच पाण्यावर डुलत राहिली आणि राईच्या बायका तिच्यावरून ये-जा करू लागल्या. पहिल्या दिवशी सगळ्या जरा बिचकत गेल्या, देवळात पहिल्यांदा गेल्यासारख्या. सदुसष्ट वर्षांची विमलाबाई तर घरी परत गेली आणि चपला घालून आली. पन्नास वर्षांत ती होडीपर्यंत चपला घालून कधी गेली नव्हती. मासळी उतरायला पूर्वी दीड तास लागायचा, आता वीस मिनिटं. बाजार लवकर गाठला जायचा, माल ताजा दिसायचा, भाव बरा यायचा. अर्थकारण बदललं होतं खरं. ते मोजायला मात्र आता कुणी येत नव्हतं.

आणि मग एका सकाळी जेट्टी सोडवायला मजूर आले. सुटे भाग घोडबंदरच्या गोदामात जायचे होते. दुर्गाने त्यांना चहा पाजला, ‘उद्या या’ म्हणून विनवलं आणि रिक्षा करून सरळ मंडळाचं ऑफिस गाठलं.

“ताई, मला पटतंय हो,” जितेश म्हणाला. “पण कागदावर ती जेट्टी क्रीडा प्रयोजनार्थ आहे. मासळी उतरवणं हे क्रीडा प्रयोजन नाही.”

“गोदामात परून राहनं हाय?”

“ते साठवण आहे. साठवण चालते.”

“मासळीसाठी दुसरा पैसा नसतो का?”

“असतो. पण तो मासळीच्या खात्यात, आणि त्या खात्यात पैसा नाही. खेळाच्या खात्यात आहे.”

दुर्गाने पिशवी मांडीवर घेतली. उठली नाही. “मंग काय केलं तर जेट्टी राहील, तेवरं सांगा.”

जितेशने साहेबांच्या केबिनच्या बंद दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “खेळ चालू राहिला तर. नोंदणीकृत क्लब पाहिजे. निदान चाळीस खेळाडू, सरावाचं हजेरीपत्रक, आणि वर्षातून एक स्पर्धा.”

“बस?”

“बस.”

जितेशने मजुरांना थोपवून धरलं आणि राई खाडी नौकानयन क्लब आठ दिवसांत उभा राहिला, अध्यक्ष अर्थात दुर्गा. खेळाडूंचे फोटो ट्रॅकसूटमध्ये हवे होते. सान्वीचा कॉलेजचा निळा ट्रॅकसूट होता, त्याचं वरचं जाकीट एकीने काढायचं आणि दुसरीने घालायचं, असे दोन तासांत चाळीस फोटो झाले. विमलाबाईने ते लुगड्यावरच चढवलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली. डॉक्टरचा दाखला हवा होता. राईच्या डॉक्टरांनी तिचं ब्लडप्रेशर पाहून मान हलवली.

“विमलाबाई, हे वाढलंय. वल्हं मारायला झेपेल का?”

“घरात बसली की वाढतं. वल्हं मारताना न्हाय वाढत.”

त्यांनी सही केली. सरावाची वेळ ‘भरती-ओहोटीनुसार’ अशी लिहिली गेली, म्हणजे होड्या परत यायच्या तीच. लवूला हे पसंत नव्हतं. “खोटं हाय सगलं,” तो म्हणाला. “एक दिवस पकरतील.”

“होरी वल्हवतो ना आपन? त्यात खोटं काय?” दुर्गा म्हणाली.

मार्च महिन्यात अभिनव तपासणीला आला आणि नेमका मासळी उतरायच्या वेळी आला. जेट्टीवरून वीस बायका डोक्यावर पाट्या घेऊन चालत येत होत्या. दुर्गाने काय सांगायचं ते पाठ करून ठेवलं होतं, पण आता एक शब्द आठवेना.

अभिनव बघत राहिला. मग त्यानेच विचारलं, “हे वजन घेऊन चालणं म्हणजे एंड्युरन्स ट्रेनिंग ना?”

“हो,” दुर्गा म्हणाली.

“रोज?”

“रोज.”

“अमेझिंग,” तो म्हणाला. पुढच्याच पाटीतून एक चिंबोरी कडेवर चढून नांगी उघडत होती. त्याने तिचाही फोटो काढला. त्याला कळलं होतं की नव्हतं, हे दुर्गाला शेवटपर्यंत समजलं नाही. महिन्याभराने त्याच्या अहवालात आलं की, राईत महिलांचा क्रीडा सहभाग शंभर टक्के असून असं उदाहरण देशात दुसरं नाही.

त्या अहवालाने मंडळ इतकं खूश झालं की जेट्टीवर ‘केवळ नोंदणीकृत खेळाडूंसाठी’ अशी पाटी लागली आणि चंदन नावाचा एक रखवालदार बसला. तो सरळ माणूस. “कार्ड दिखाओ, चाची,” म्हणायचा, आणि कार्ड दाखवल्याशिवाय त्याने सख्ख्या बापालाही सोडलं नसतं. मग पुरुषांनीही नोंदणी केली. विमलाबाईच्या कार्डावर ‘ज्येष्ठ गट’ असं छापून आलं. मिरा रोडहून चिंबोऱ्या घ्यायला येणाऱ्या व्यापाऱ्यालाही शेवटी क्लबचा ‘सहायक कर्मचारी’ व्हावं लागलं.

आणि त्यानंतर मंडळाचं पत्र आलं. क्लबची पहिली वार्षिक स्पर्धा येत्या जानेवारीत घ्यावी, आणि प्रचलित पद्धतीनुसार सुरक्षेसाठी अकरा दिवस जेट्टी व खाडी बंद ठेवण्याच्या सूचनेवर क्लबच्या अध्यक्षांनी सही करावी.

दुर्गाने पत्र सान्वीकडून वाचून घेतलं आणि रात्रीपर्यंत कुणाला सांगितलं नाही. जेवताना लवूला सांगितलं.

“गेल्या खेपेला पावन्यांनी बंद केलं होतं,” तो म्हणाला. “आता तू करशील.”

त्याने ते टोचून म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते तिला जास्त लागलं. जानेवारीतले अकरा दिवस म्हणजे कोळंबीचा ऐन हंगाम. सही केली तर बायका तिला काय म्हणतील हे तिला ठाऊक होतं, कारण गेल्या खेपेला तीच ते म्हणत होती. नाही केली तर जेट्टी घोडबंदरला.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जितेशसमोर बसली.

“नियमात जानेवारी लिवलंय का?”

“नाही. वर्षातून एकदा, एवढंच आहे.”

“मंग जुलैत घेऊ. याच जुलैत.”

“जुलैत? भर पावसात?”

“तवा मासेमारी बंदच असते. होड्या बांधावर उलट्या परलेल्या असतात. अकरा दिवस बंद करा, नायतर एकवीस करा.”

“पाहुणे येणार नाहीत, ताई.”

दुर्गाने पदर सारखा केला. तिच्या चेहऱ्याकडे बघून जितेशला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. “आणि प्रेक्षकांचा आकडा?” तो म्हणाला. मग आपणच आठवून म्हणाला, “तो अभिनव सरांनी एप्रिलमध्येच दिलाय म्हणा. चाळीस हजार. छापूनसुद्धा झालाय.”

जुलैच्या तिसऱ्या रविवारी स्पर्धा झाली. पाऊस असा की समोरचा काठ दिसत नव्हता. प्रमुख पाहुण्यांनी शुभेच्छा पाठवल्या होत्या. सहा होड्या, प्रत्येकीत सहा बायका. काठावर छत्री धरून लवू, कार्डं तपासायला चंदन, आणि झेंडा, शिट्टी, कॅमेरा असं सगळं एकट्याने सांभाळणारा जितेश. दुर्गाने सगळ्यांना आधीच बजावलं होतं, अर्धा तास वल्हवायचं, फोटो द्यायचे आणि घरी जाऊन गरम जेवायचं. जीव काढायचा नाही.

झेंडा पडला. पहिल्या शंभर वल्ह्यांपर्यंत सगळ्या जणी बाजाराला निघाल्यासारख्या गप्पा मारत होत्या. मग सुगंधाची होडी दुर्गाच्या होडीच्या हळूच पुढे गेली, आणि जाताना सुगंधाने मागे वळून पाहिलं. बस, तेवढंच. दुर्गाच्या अंगात काय शिरलं कोण जाणे.

“ओढा गं,” ती म्हणाली.

“तूच तर बोललीस ना, जीव काढायचा न्हाय,” मागून विमलाबाई म्हणाली.

“ओढा.”

त्या दिवशी पुढची दहा मिनिटं दुर्गा भोईर अर्ज विसरली, कागद विसरली, जेट्टी कुणाच्या खात्यातली आहे तेही विसरली. पाणी तोंडावर येत होतं, खांदे भाजत होते आणि सुगंधाची पाठ हातभर अंतरावर होती. ते अंतर काही केल्या मिटेना. सुगंधाची होडी अर्ध्या होडीने जिंकली.

जितेशने कप दिला. फोटोंसाठी प्रेक्षक हवे होते, तेव्हा त्याने संकोचून बायकांनाच विनंती केली, “छत्र्या घेऊन काठावर उभ्या राहा आणि टाळ्या वाजवा.” रिकाम्या खाडीकडे बघून छत्तीस बायकांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे पस्तीस जणींनी. दुर्गाचे हात दुखत होते, असं तिने नंतर सांगितलं.

दोन दिवस ती सुगंधाशी बोलली नाही. घरात लवूला याची गंमत वाटत होती, पण तो हसला नाही, कारण जेवण तिच्या हातात होतं. तिसऱ्या दिवशी सुगंधाच कप पदराखाली घेऊन आली.

“हा तुझ्या कपाटात ठेव. अध्यक्ष तू हायस. जेट्टी तू आनलीस.”

“जेट्टी येगली न् कप येगला,” दुर्गा म्हणाली. “ठेव तुझ्याकरंच. पुढल्या जुलैत येईन मी न्यायला.”

सुगंधा ओट्यावर बसली. कप तिने बाजूला ठेवला.

“येक सांगू?” सुगंधा म्हणाली. “विमलाबाईला तू डाव्या बाजूला बसवलंस. तिचा डावा खांदा कामातून गेलाय. उजवीला बसव.”

दुर्गाने विचार केला. “मंग डावीला कोन?”

“तेच तर,” सुगंधा म्हणाली, आणि दोघींनी ओट्यावर सहा तांदळाचे दाणे मांडून कोण कुठे बसेल ते बघायला सुरुवात केली.